वहीतील टक्केवारी आणि खिशातील पैसा



कामगार चळवळीत हयात घालविलेल्या माणसाने या व्यासपीठावरून घोड्यांच्या शर्यतीवर बोलावे, याचे आपणांपैकी काहींस नवल वाटले असेल. परंतु पगाराचा पैसा घरी येण्यापूर्वी कोणकोणत्या वाटांनी जातो, हे पाहणे आमच्या कामाचाच भाग आहे. त्यांतील एक वाट महालक्ष्मीच्या मैदानावर जाते. मुंबईत हिवाळ्यात, पुण्यात पावसाळ्यात, असा हा हंगाम वर्षाचा बराच काळ चालतो.

आम्ही काही केवळ उपदेश करण्यास उभे नाही. तरुणपणी कारखान्यातील एका सोबत्याबरोबर आम्हीही वही घातली होती. शाळा अर्धवट सुटली, तरी त्रैराशिक आम्हांस येत होते. तेवढ्या भांडवलावर शर्यत जिंकू, असा आमचा भरवसा होता.

हँडिकॅप म्हणजे काय, ते आधी सांगतो. सरस घोड्यावर जास्त वजन आणि कमकुवत घोड्यावर कमी वजन देऊन सर्वांस शक्य तो एका पातळीवर आणावयाचे. जॉकी हलका असेल तर खोगिरापाशी शिशाचे तुकडे ठेवून वजन भरतात. हे काम क्लबचा हँडिकॅपर करतो. त्याने बरोबरी केली, आता फरक कोठे उरला, हे शोधणे म्हणजे पैज लावणाराचा हँडिकॅप. आम्ही तो ट्रेनरमध्ये शोधू लागलो. घोड्याची तयारी कितपत झाली, त्यास कोणत्या शर्यतीत उतरवावयाचा, ही गोष्ट ट्रेनर जाणतो. तेव्हा कोणाचे किती घोडे धावले आणि किती जिंकले, याची टक्केवारी आम्ही मांडली.

पहिला खड्डा येथेच होता. पाच धावांत दोन विजय म्हणजे 40 टक्के आणि दोनशे धावांत चाळीस विजय म्हणजे 20 टक्के. आम्ही पहिल्यास थोर मानले! वास्तविक ज्याची खरी योग्यता 10 टक्क्यांचीच आहे, अशा ट्रेनरला पाच धावांत दोन किंवा अधिक विजय निव्वळ योगायोगाने मिळण्याचा संभव सुमारे 8 टक्के असतो. असे पंचवीस ट्रेनर घेतले, तर सरासरीने दोघेजण अंगी काही विशेष नसताना चमकणार. टक्के पाहण्यापूर्वी ते कितींतले, हे विचारले पाहिजे.

दुसरी गोष्ट. श्रीमंत मालक उत्तम शिंगरे नामांकित ट्रेनरकडेच देतो. मग विजय घोड्याचा की ट्रेनरचा? आणि पहाटे उठून त्या घोड्याचा खरारा करणाऱ्या मोतद्दाराचे नाव तर कोणत्याच कोष्टकात नसते. वाटाघाटींत मालक जेव्हा उत्पादनाची सरासरी पुढे करतात, तेव्हा आम्हांस हे कोष्टक आठवते.

तरीही वही हळूहळू सुधारली. मोठे आकडे घेतले, विश्रांतीनंतरच्या धावा निराळ्या काढल्या. अंदाज पुष्कळ बरोबर येऊ लागले. तेव्हा सोबत्याने विचारले, "भाऊ, वही बरोबर येते, मग खिसा का रिकामा?"

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यास आम्हांस एक हंगाम लागला. समजा, एका ट्रेनरचे शंभरात 25 घोडे जिंकतात. हे सर्वांस ठाऊक असल्यामुळे भाव उतरतो आणि दहा रुपयांस मुद्दलासह तीसच मिळतात. शंभर वेळा दहा रुपये लावले, म्हणजे हजार गेले. 25 वेळा तीस, म्हणजे साडेसातशे आले. अंदाज खरा, तोटा अडीचशे! उलट, शंभरात दहाच जिंकणाऱ्याचा भाव दहास एकशेतीस असेल, तर हजाराचे तेराशे होतात. प्रश्न कोण जिंकतो हा नसून, लोकांना जे ठाऊक नाही ते आपणांस ठाऊक आहे काय, हा आहे. छापील कोष्टक तर सर्वांच्याच हाती असते.

शिवाय टोटमध्ये लोकांचा पैसा एकत्र होतो, त्यातून कर आणि खर्च कापला जातो आणि उरलेला वाटला जातो. समजा, शंभरातून वीस कापले. मग लोकांइतकेच शहाणे असलो तर शंभराचे ऐंशी होणार. नुसते मुद्दल राखण्यास लोकांच्या सव्वापट शहाणपण हवे. 1996 साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरविला, ते खरेच आहे. पण कौशल्याचा खेळ म्हणजे किफायतीचा धंदा नव्हे.

आम्ही वही मिटली. सोबत्याने मिटली नाही. नुकसान भरून काढण्यासाठी त्याने पतपेढीचे कर्ज काढले, मग भविष्यनिर्वाह निधीतून उचल केली. मुलीच्या लग्नासाठी म्हणून त्या उचलीच्या अर्जावर शिफारस आम्हीच केली होती. ती सही आम्हांस अजून बोचते. तो मूर्ख नव्हता. हिशेबात आमच्याहून तरबेज होता. अडाण्यास नशीब बुडविते, हिशेबी माणसास त्याचा अर्धा हिशेब बुडवितो.

म्हणून, बंधुभगिनींनो, कोणीही टक्केवारी पुढे केली, मग तो टिप देणारा असो, मालक असो, की आमच्यासारखा पुढारी असो, त्यास तीन प्रश्न विचारा: कितींतले? कोणाच्या जोरावर? आणि माझ्या पदरात काय? घोडे अवश्य पाहा. ते जनावर देखणे आहे. मात्र घरचा पैसा घरी पोचवून मग पाहा.