शाल कोणाच्या खांद्यावर?

(मंडळाच्या हाटपिपल्या येथील स्नेहमेळाव्यातील भाषण)



दरवर्षी आपण शाल-श्रीफळ देऊन सत्कार करतो. तो बहुधा पार्षदांचा, पुढाऱ्यांचा किंवा मोठी देणगी देणाऱ्यांचा असतो. त्यांचा मान आहेच. पण निःस्वार्थ सेवेचा सन्मान म्हणजे हाच का, याचा विचार आपण करावा असे आम्हांस वाटते.

माळव्यातलेच उदाहरण घ्या. डॉ. भक्ती यादव महिदपूरच्या मराठी घराण्यातल्या. १९२६ सालचा त्यांचा जन्म. इंदूरच्या महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालयातून एम.बी.बी.एस. झालेल्या त्या पहिल्या महिला. गिरणी कामगारांच्या बायकांची बाळंतपणे त्यांनी केली, आणि पुढे अनेक वर्षे गोरगरीब स्त्रियांवर विनामूल्य उपचार केले. त्यांना पद्मश्री मिळाली ती २०१७ साली, वयाच्या नव्वदीत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्या गेल्या. सन्मान मिळाला, पण किती उशिरा!

पुरस्कार आणि राजकारण यांचा वादही जुनाच. आपल्या हाटपिपल्याचे कैलास जोशी १९५५ मध्ये इथल्या नगरपालिकेचे अध्यक्ष होते. १९७७ मध्ये ते मध्य प्रदेशचे मुख्यमंत्री झाले. त्याच वर्षी केंद्रातल्या जनता सरकारने पद्म पुरस्कार बंद केले आणि १९८० मध्ये ते पुन्हा सुरू झाले. म्हणजे पुरस्कार असावेत की नसावेत, यावरही सरकारांचे एकमत नव्हते. आमच्या मते ते असावेत, पण निवड चोख हवी.

आज पद्म पुरस्कारासाठी कोणीही नागरिक ऑनलाइन नाव सुचवू शकतो. कार्याची माहिती ८०० शब्दांत लिहायची असते. स्वतःचे नावही देता येते. पण सेवेत बुडालेला माणूस स्वतःचा अर्ज भरत बसत नाही. तो आपणच भरला पाहिजे. आम्ही बँकेतले कारकून, अर्ज भरण्यात आमचा जन्म गेला. ज्यांना मदत हवी त्यांनी आम्हांला हाक मारावी.

मंडळापुढे आमच्या तीन सूचना आहेत. सत्कारासाठी नाव सुचवण्याचा पहिला हक्क सेवा घेणाऱ्यांचा असावा. ज्याच्याकडे पद आहे किंवा जो निवडणुकीला उभा आहे, त्याचा त्या वर्षी विचार होऊ नये. आणि निवडीचे कारण सभेत वाचून दाखवावे, म्हणजे कुजबूज उरणार नाही.

यात काहींचा रुसवा ओढवेल, हे आम्ही जाणतो. पण आपली घराणी पिढ्यान्‌पिढ्या या मातीत नांदली ती शेजाऱ्यांच्या आधारावर. म्हणून सेवा करणारा मराठी आहे की माळवी, हेही पाहू नये. पुढच्या मेळाव्यात पहिली शाल अशा माणसाच्या खांद्यावर पडावी, एवढीच विनंती.