दवाखाना चार गावांचा, पगार कोणाचा?



कॅनडाच्या सस्कॅचवान प्रांतात होल्डफास्ट नावाचं एक लहान गाव आहे. त्या परिसराचा कारभार पाहणारी सार्निया नावाची ग्रामीण पालिका १९१४ च्या सुमारास एका पेचात सापडली. तिथले डॉक्टर गाव सोडायच्या बेतात होते. प्रांत १९०५ साली स्थापन झालेला, वस्ती विरळ. एकेक ग्रामीण पालिका साधारण अठरा मैल लांब आणि अठरा मैल रुंद. गहू पिकला तर शेतकऱ्याच्या हाती पैसा, नाही पिकला तर डॉक्टरची फी उधार. डॉक्टरने तिथे कशाच्या भरवशावर राहावं? पालिकेनं ठरवलं की वर्षाला १,५०० डॉलर आपण बांधून द्यायचे. खरं तर असा खर्च करण्याची मुभा कायद्यात नव्हती. जमिनीवरच्या करातून डॉक्टर नेमायची परवानगी कायद्यानं १९१६ मध्ये दिली.

त्याच १९१६ साली ‘युनियन हॉस्पिटल’चा कायदा झाला, आणि गावांनी मिळून दवाखाना चालवण्याच्या आजच्या विषयाच्या दृष्टीनं मला तो जास्त मोलाचा वाटतो. दोन किंवा अधिक पालिकांनी, मग त्यात ग्रामीण पालिका, खेडं, लहान शहर कोणीही असो, एकत्र येऊन एक रुग्णालय जिल्हा करावा, रुग्णालय बांधावं आणि चालवावं, अशी ती सोय होती. मंडळावर प्रत्येक पालिकेचा माणूस, खर्चाचा वाटा प्रत्येकीच्या करातून. एका पालिकेच्या आवाक्याबाहेरचं काम चौघींच्या आवाक्यात आलं. पहिलं असं रुग्णालय लॉइडमिन्स्टरला झालं. हे शहर सस्कॅचवान आणि अल्बर्टा या दोन प्रांतांच्या सीमेवर वसलेलं आहे.

पुढे १९३० च्या दशकात दुष्काळ आणि मंदी एकदम आली. गहू करपला, कर थकले. त्या काळात माणसांना एक गोष्ट उमगली. इमारत उभी राहिली म्हणून उपचार मिळतोच असं नाही. रुग्णाच्या बिलाचीही सामायिक तजवीज हवी. पिटव्हिल या ग्रामीण पालिकेचे सचिव विल्यम बुराक यांनी शेजारच्या पालिकांना पत्रं लिहिली, सभा घेतल्या आणि एकेका गावाला पटवलं. नोव्हेंबर १९४५ मध्ये लोकांनी मतदान करून कौल दिला, आणि १ जुलै १९४६ रोजी स्विफ्ट करंट आरोग्य विभाग सुरू झाला. सुमारे पन्नास हजार लोकवस्ती. माणशी ठरावीक वर्गणी आणि त्याच्या जोडीला जमिनीवरचा कर, या दोन्हींतून डॉक्टर, रुग्णालय आणि लहान मुलांच्या दातांचे उपचार यांचा खर्च भागे. पुढे १९६२ मध्ये साऱ्या प्रांतात सार्वजनिक वैद्यकीय विमा आला, तेव्हा डॉक्टरांनी जुलैमध्ये तेवीस दिवस संप केला, तरी सरकार मागे हटलं नाही. याचं एक कारण मला असं दिसतं, की ही योजना चालते हे एका कोपऱ्यातल्या शेतकऱ्यांनी सोळा वर्षं चालवून दाखवलं होतं.

तुम्ही विचाराल, गव्हाच्या त्या मुलखाचा आपल्याशी काय संबंध? सरळ संबंध आहे. १९४४ मध्ये सस्कॅचवानचे प्रीमियर टॉमी डग्लस यांच्या सरकारनं प्रांताच्या आरोग्याची पाहणी करायला हेन्री सिगरिस्ट या वैद्यक-इतिहासकाराला बोलावलं. तेच सिगरिस्ट त्याच वर्षाअखेरीस भोर समितीच्या निमंत्रणावरून भारतात आले. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना ज्या अहवालातून रुजली, तो भोर समितीचा अहवाल १९४६ चाच. केंद्राची कल्पना आपण घेतली. पण आजूबाजूच्या गावांनी आपल्या खिशातून त्यात वाटा घालावा आणि कारभारात हक्कानं बसावं, ही बाजू आपल्याकडे कधी मूळ धरू शकली नाही.

आणि तिथली चूकही सांगितली पाहिजे, नाहीतर हे निव्वळ कौतुक होईल. जो तो आपल्या गावाजवळ रुग्णालय मागू लागला. खाटा वाढल्या, पण त्या चालवायला लागणारी माणसं आणि पैसा पुरेना. १९९३ मध्ये प्रांत सरकारनं बावन्न लहान ग्रामीण रुग्णालयांतली आंतररुग्ण सेवा बंद केली. लोकांनी स्वतःच्या करातून उभ्या केलेल्या वास्तूंबद्दलचा तो निर्णय होता. त्या गावांना किती लागलं असेल याची कल्पना करा. माझं मत स्पष्ट आहे. एकत्र येऊन इमारत बांधणं सोपं, तिचा वर्षानुवर्षांचा खर्च वाटून घेणं अवघड, आणि खरी परीक्षा याच दुसऱ्या कामात होते.

आपल्याकडे मैदानी भागात तीस हजार लोकसंख्येमागे आणि डोंगरी-आदिवासी भागात वीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. म्हणजे केंद्र सहसा एका ग्रामपंचायतीचं नसतं, ते मुळात अनेक गावांचं असतं. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ या पाच वर्षांसाठी स्थानिक संस्थांमार्फत आरोग्यासाठी ७०,०५१ कोटी रुपयांची शिफारस केली, आणि त्यातला मोठा वाटा गावांसाठी होता. तरीही केंद्राच्या विस्ताराचा विषय निघाला की बहुतेक सरपंच पाटीवर कोणाचं नाव, खोली कोणाच्या हद्दीत, याच चर्चेत अडकतात. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाचा पुढच्या पाच वर्षांचा पगार कोण देणार, औषधांचा तुटवडा पडला तर कोणाच्या तिजोरीतून भरून काढायचा, रात्री बाळंतिणीला आणणाऱ्या गाडीचं डिझेल कोणाच्या खात्यातून घालायचं, हे प्रश्न ठरावाच्या कागदावर येतच नाहीत.

या सभागृहात सरपंच आहेत, पंचायत समितीचे सदस्य आहेत. तुम्हाला माझी विनंती आहे. गावाचा पुढचा विकास आराखडा ठरवण्याआधी आरोग्य केंद्राच्या हद्दीतल्या सर्व ग्रामपंचायतींना एका बैठकीला बोलवा. बांधकामाचा नकाशा बाजूला ठेवा. वाटा कोणाचा किती, तो दरवर्षी कोणत्या महिन्यात भरायचा आणि कोणी थकवला तर काय, हे आधी लिहून घ्या, मग सगळ्या गावांच्या ग्रामसभांत मंजूर करून घ्या. नकाशा त्यानंतर मागवा.