आवाज बंद केला की

टीव्हीवर जाहिरात आली की आमचे अब्बा उठत आणि आवाजाचे बटण डावीकडे पिळून टाकत. 1988 साली सोनपेठच्या आमच्या घरात ब्लॅक अँड व्हाइट संच आला. रिमोट अर्थातच नव्हता. रविवारी सकाळी ‘महाभारत’ बघायला सारी गल्ली जमायची. संवाद राही मासूम रझांचे, म्हणून अब्बा ते कान देऊन ऐकत. पण साबण नि टूथपेस्टची रांग त्यांना सोसत नसे. ‘बघा, पण ऐकू नका,’ म्हणायचे.

अमेरिकेत झेनिथ कंपनीचे प्रमुख मॅकडोनाल्ड यांनाही जाहिरातींचा असाच तिटकारा होता. 1955 साली त्यांच्या कंपनीतल्या यूजीन पॉली यांनी ‘फ्लॅश-मॅटिक’ नावाचा बिनतारी रिमोट तयार केला. दिसायला खेळण्यातल्या पिस्तुलासारखा, पण निघायचा फक्त उजेड. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत प्रकाश ओळखणारे डोळे बसवलेले. ठरावीक कोपऱ्यावर झोत मारला की आवाज बंद! अडचण एकच, खिडकीतून ऊन आले तरी वाहिनी बदलायची. आपल्या मराठवाड्यात तो एक उन्हाळा टिकला नसता. रिमोट आळशी माणसासाठी निघाला असे आपण समजतो. त्याच्या मुळाशी जाहिरातींचा वैतागही होता.

पुढे यंत्रे हुशार झाली. दोन जाहिरातींच्या मध्ये पडदा क्षणभर काळा होतो, आवाज जातो. तेवढे हेरून ‘रिप्ले टीव्ही’चे यंत्र रेकॉर्ड केलेल्या कार्यक्रमातल्या जाहिराती आपणहून ओलांडत असे. 2001 मध्ये मोठ्या चित्रपट व टीव्ही कंपन्यांनी त्याच्यावर खटला भरला आणि 2003 मध्ये ते बनवणाऱ्या कंपनीचे दिवाळे वाजले. भारतात 2008 मध्ये ‘टाटा स्काय प्लस’ आले. कार्यक्रम रेकॉर्ड करून जाहिराती पळवता येऊ लागल्या. आमच्याकडे त्या दिवसांत भारनियमन कार्यक्रमासकट जाहिराती पळवत होते, तेही फुकट.

आता तर पैसे भरले की जाहिराती बंद. ज्याला ते परवडत नाहीत, त्या घरातले पोर मोबाइलवर गणिताचा धडा बघताना जाहिरातही बघते, आणि तिचाही डेटा त्याच्याच पॅकमधून कापला जातो. हे मला खटकते.

पण मला सांगायचे आहे ते 2009 चे. तोवर रिमोट आला होता, अब्बांचा नेम मात्र तोच. रात्री मालिकेत जाहिरात लागली, त्यांनी आवाज बंद केला. घर एकदम शांत झाले. आमची घरची बोली दखनी, इथे मराठीत सांगतो. अम्मी सहज बोलावे तसे बोलली, ‘डाव्या डोळ्यानं अर्धाच पडदा दिसतोय. बरेच दिवस झाले.’

दुसऱ्या दिवशी तिला अंबाजोगाईला नेले. काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत आली नाही, उजवा डोळा तेवढा वाचला. इतके दिवस का बोलली नाहीस, विचारले तर म्हणाली, ‘तुम्ही बघत होतात ना.’

आता अब्बा नाहीत, अम्मीही नाही. परवा मुलाने पैसे भरून माझ्या टीव्हीवरच्या जाहिराती बंद करून दिल्या. कार्यक्रम सलग चालतो. मी मात्र अधूनमधून तो मध्येच थांबवतो.

‘काय झालं?’ बायको विचारते.

‘काही नाही. तू बोल,’ मी म्हणतो.