परदेशी गेलेली आपली मुले आणि तेथील प्राप्तिकर

(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



ज्ञातिसंमेलनात प्राप्तिकरासारखा रुक्ष विषय कशाला, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. परंतु अमेरिकेत शिकावयास गेलेली मुलेमुली आज आपल्या पुष्कळ घरांत आहेत. त्यांच्यासाठी आईवडिलांनी कर्जे काढली, प्रसंगी दागिने गहाण ठेविले. शिक्षण संपून नोकरी लागली आणि विद्यार्थ्याचा एफ-१ दर्जा जाऊन नोकरीचा एच-१बी दर्जा मिळाला, की घरी पेढे वाटले जातात. ते योग्यच आहे. मात्र ह्याच सुमारास त्या मुलाचे तेथील सरकारशी असलेले कराचे नातेही बदलते, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की, व्हिसाचा दर्जा आणि कराचा दर्जा ह्या दोन भिन्न वस्तू आहेत. हा मनुष्य करापुरता रहिवासी आहे की अनिवासी, एवढेच करखाते विचारते. आणि त्याचा निर्णय दिवसांच्या मोजणीवरून होतो. चालू वर्षातील सर्व दिवस, मागील वर्षातील दिवसांचा एकतृतीयांश व त्यामागील वर्षातील दिवसांचा एकषष्ठांश ह्यांची बेरीज १८३ भरली, आणि चालू वर्षात निदान ३१ दिवस वास्तव्य घडले, म्हणजे तो रहिवासी ठरतो. विद्यार्थ्याला सवलत अशी की, त्याच्या पहिल्या पाच वर्षांतील विद्यार्थिदशेचे दिवस ह्या मोजणीत धरीत नाहीत. येथे वर्ष म्हणजे जानेवारी ते डिसेंबर. ऑगस्टात पाऊल ठेविले, तरी पाचांतील एक वर्ष खर्ची पडलेच.

उदाहरणादाखल दोन चुलत भाऊ कल्पू. धाकटा ऑगस्ट २०२१ मध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी गेला. थोरला ऑगस्ट २०१८ मध्येच पदवीसाठी गेला होता. दोघांनाही १ ऑक्टोबर २०२३ रोजी एच-१बी दर्जा मिळाला. धाकट्याचे ते तिसरेच वर्ष असल्यामुळे त्याचे केवळ ऑक्टोबर ते डिसेंबरचे ९२ दिवस मोजले जातात. म्हणून २०२३ सालापुरता तो अनिवासी. त्याने १०४०-एनआर हे विवरणपत्र भरावे व विद्यार्थिदशेतील दिवसांसाठी ८८४३ हा नमुना जोडावा. १ जानेवारी २०२४ पासून मात्र तो रहिवासी झाला. थोरल्याची पाच वर्षे २०२२ अखेर संपली. त्यामुळे २०२३ साली विद्यार्थी असतानाचेही त्याचे दिवस मोजले जातात, आणि तो संपूर्ण वर्षभर रहिवासी ठरून १०४० हे पत्र भरतो. दर्जा बदलण्याची तारीख एकच, परंतु विवरणपत्रे निराळी! मित्राने भरले तेच आपणही भरावे, ही रीत म्हणूनच घातक आहे.

विद्यापीठासारख्या संस्थेत नोकरी लागून वर्षाच्या मध्येच, समजा १ जूनला, दर्जा बदलला, तर त्या वर्षी २१४ दिवस भरतात. मग वर्षाचा पहिला भाग अनिवासी व पुढचा रहिवासी, असे दुहेरी विवरण द्यावे लागते. अशा वर्षी प्रमाणित वजावट मिळत नाही. येथे जाणत्याचा सल्ला घेण्यात काटकसर करू नये.

पगारातून सामाजिक सुरक्षेसाठी ६.२ टक्के व मेडिकेअरसाठी १.४५ टक्के कापले जातात. अनिवासी विद्यार्थ्याला ही कपात लागू नाही. एच-१बी दर्जा मिळाला की लागू होते. आपल्या उदाहरणातील धाकट्याची कपात १ ऑक्टोबरपासून, तर थोरल्याची १ जानेवारीपासून व्हावयास हवी. कचेरीतील हिशेबनीसाला हा फरक ठाऊक असेलच असे नाही. चुकून कापलेली रक्कम प्रथम मालकाकडे मागावी; तेथे दाद न लागल्यास करखात्याकडे ८४३ क्रमांकाचा अर्ज करता येतो.

भारत आणि अमेरिका ह्यांच्यात १९८९ साली झालेल्या करारातील एकविसाव्या कलमाने आपल्या विद्यार्थ्यांना अनिवासी असतानाही प्रमाणित वजावट मिळते. हा हक्क सोडू नये. उलटपक्षी, अनिवासी असताना रहिवाशाचे पत्र भरून शिक्षणखर्चाची करसूट घेणे हे गैर होय. तसे घडले असल्यास १०४०-एक्स ह्या नमुन्याने दुरुस्ती करावी व घेतलेली रक्कम परत करावी.

आता वडीलधाऱ्यांसाठी दोन शब्द. मूल तेथे करापुरते रहिवासी झाले, की त्याचे जगभरातील उत्पन्न तेथील कराच्या कक्षेत येते. आपण मोठ्या मायेने बँकेतील ठेवीस मुलाचे नाव जोडतो. थेंबे थेंबे तळे साचते, आणि मुलाला त्या तळ्याचा पत्ताही नसतो! अशा सर्व परदेशी खात्यांतील रक्कम मिळून वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरांच्या वर गेली, तरी त्याने त्या खात्यांची स्वतंत्र माहिती सरकारला द्यावी लागते. संयुक्त खातेही ह्यातून सुटत नाही. ह्या माहितीपत्रावर कर नाही. न दिल्यास दंड मात्र जबर आहे. एनआरई खात्याचे व्याज भारतात करमुक्त असले, तरी तेथे करपात्र असते. आपल्याकडील म्युच्युअल फंडांचे नियम तर तेथे फारच जाचक आहेत. तेव्हा मुलाच्या नावे कोठे काय ठेविले आहे, ह्याची यादी करून ती त्याच्या हाती द्यावी.

तरुण मित्रांना माझे सांगणे एवढेच की, अमेरिकेतील प्रवेशाच्या व मुक्कामाच्या तारखा, पगाराची डब्ल्यू-२ पत्रके आणि भरलेल्या प्रत्येक विवरणपत्राची प्रत जपून ठेवा. दर्जा बदलताच कचेरीत डब्ल्यू-४ नव्याने भरा. साधारणतः १५ एप्रिल ही मुदत विसरू नका. राज्याचा कर निराळा असतो. टेक्सासमध्ये पगारावर तो नाही, कॅलिफोर्नियात आहे.

परक्या देशात आपल्या मुलाची ओळख त्याच्या कागदपत्रांवरून होते. ते कागद स्वच्छ असावेत, ह्यात त्याचे हित आहे आणि त्याच्यासाठी खस्ता खाल्लेल्या घराचेही आहे.