नफा आणि नीती



१९१० साली औंध संस्थानातील कुंडलजवळच्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी नांगरांचा कारखाना उभारला. त्यासोबत कामगारांची वसाहत वसविली व तेथे अस्पृश्यतेला थारा दिला नाही. तसे करण्यास कोणताही कायदा त्यांना बांधून घेत नव्हता.

आज कायदा आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांनी मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के समाजकार्यावर खर्च करावयाचे असतात. मात्र केवळ स्वतःच्या कामगारांसाठी केलेला खर्च त्यात धरला जात नाही. कारण रास्त वेतन ही देणगी नव्हे, ते कर्तव्यच होय. सांडपाण्याच्या शुद्धीकरणाचेही तसेच.

शाळेला खोली बांधून देणाऱ्या कारखान्याचे ग्रामपंचायतीने आभार जरूर मानावेत. परंतु त्याचे सांडपाणी कोणत्या ओढ्यास मिळते, हेही विचारावे.