घरातला भाव आणि बाजारातला भाव

(गणेशोत्सवातील व्याख्यानाचा मजकूर)



समितीने मला विषय दिला, ‘पदवीची किंमत घसरली आहे का?’ याचे उत्तर एका वाक्यात होते. घसरली आहे. पण तेवढ्यावर थांबलो तर आरतीला अजून बराच वेळ आहे, म्हणून मी त्याला एक प्रश्न जोडून घेतला. बाजारातला भाव उतरला, मग आपल्या घरातला का उतरला नाही?

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले आणि १८६२ साली त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. रानडे, भांडारकर, मोडक, वागळे, अशी बोटांवर मोजण्याइतकी माणसे. आपला कारवार जिल्हा १९५६पर्यंत मुंबई राज्यातच होता, तेव्हा ‘बी.ए.’ या अक्षरांचा दरारा आपल्या आजोबांपर्यंत पोचला यात नवल नाही. खरे म्हणजे पोटापाण्यासाठी बी.ए. व्हायची गरजही नव्हती. व्हर्नाक्युलर फायनल झालेला मास्तर व्हायचा, मॅट्रिक झालेला कारकून. इथे बसलेल्यांपैकी अनेकांची घरे या भागात आली ती रेल्वे, जंगलखाते, दांडेलीची पेपर मिल किंवा काळी नदीवरचे प्रकल्प यांच्या मागून. चार ओळींचा अर्ज नीट लिहिता आला की कुठेतरी टेबल-खुर्ची मिळून जाई.

मग सुप्याचे धरण झाले. सुपा गाव पाण्याखाली गेले, तालुक्याची कचेरी जोयड्याला आली, कित्येक कुटुंबे रामनगरला वसली. माझ्या समजुतीप्रमाणे आपल्या घरातला पदवीचा भाव तेव्हा पक्का झाला. ज्यांनी आपली भातशेती डोळ्यांदेखत बुडताना पाहिली, त्यांना वाटले की जमीन बुडते, शिक्षण बुडत नाही. यात त्यांचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. त्या पिढीने पोटाला चिमटा काढून मुलांना कॉलेजात घातले, आणि त्यातल्या बऱ्याच मुलांचे भले झाले.

आजचे चित्र पाहा. २०२१-२२ मध्ये देशात उच्च शिक्षण घेणारे विद्यार्थी होते ४ कोटी ३३ लाख. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या २०२४ सालच्या भारतविषयक अहवालात २०२२ सालचे आकडे आहेत. तरुण पदवीधरांत बेकारी २९.१ टक्के, आणि ज्यांना लिहितावाचता येत नाही अशा तरुणांत ३.४ टक्के. हे ऐकून कोणी म्हणेल, मग अडाणीच बरे! तसे नव्हे. न शिकलेल्याला रिकामे बसणे परवडत नाही; तो मिळेल त्या मजुरीला जातो. पदवीधर वाट पाहतो, कारण वाट पाहायला त्याच्यामागे घर उभे असते. म्हणजे ते २९ टक्के कोणाच्या जिवावर बसले आहेत? आपल्याच.

२०१५ साली उत्तर प्रदेशात शिपायाच्या ३६८ जागांसाठी २३ लाख अर्ज आले, त्यांत २५५ पीएच.डी.वाले होते. इतके लांब जायला नको. आपल्याच राज्य सरकारने ‘युवा निधी’ काढली, बेकार पदवीधराला महिना ३००० रुपये, जास्तीत जास्त दोन वर्षे. हिशेब केला तर ७२ हजार होतात. पदवी घेऊन माणूस रिकामा राहू शकतो, हे सरकारनेच धरून चालल्यासारखे झाले. त्यात कॉलेजची वर्षेही डळमळीत. २०२१ मध्ये कर्नाटकाने चार वर्षांची पदवी आणली आणि आपल्या विदर्भातले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात यांच्या आयोगाच्या अंतरिम अहवालानंतर २०२४ मध्ये पुन्हा तीन वर्षांवर आणली. मधल्या मुलांनी कोणाला विचारायचे?

आणि गंमत अशी की पदवीवाचून चालतही नाही. पूर्वी मॅट्रिकवर बँकेत कारकून होता येई. आज लिपिकाच्या परीक्षेला बसायलाच पदवी लागते. काम वाढले म्हणून ही अट आली असे नाही. अर्ज इतके येतात की कुठेतरी गाळणी लावावी लागते.

आता आपल्या तालुक्याचे बघू. जंगलातली विखुरलेली गावे, २०११च्या जनगणनेत उभ्या तालुक्याची वस्ती ५० हजारांच्या आसपास. मुलगा पहाटे बस धरतो किंवा बाहेरगावी खोली घेतो. तीन वर्षांनी बी.ए. होतो, मग परीक्षांच्या क्लाससाठी धारवाडला जातो. एक प्रयत्न, दुसरा, तिसरा. वय होते सत्तावीस. त्याच्याबरोबरचा, दहावीनंतर शाळा सोडलेला, गणेशगुडीला राफ्टिंगच्या बोटीवर कधीच कमावता झालेला असतो. बोटीवरचा धंदा पावसाळ्यात बंद पडतो, हेही खरे, तेव्हा त्याचे फार कौतुक मी करणार नाही.

पण मधली वाट आहे. कैग्याच्या अणुवीज प्रकल्पासारख्या ठिकाणी प्रशिक्षणार्थी घेतात ते आय.टी.आय. झालेले, डिप्लोमावाले आणि बी.एस्सी. झालेले. हल्याळच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत राहण्याजेवणासह फुकट शिकवतात. जोयड्याला दरवर्षी कंदमुळांचा मेळा भरतो. तो माल बाहेर पाठवायचा तर बिले, जीएसटी, खाद्यपरवाना सांभाळणारा कोणीतरी हवाच. बी.कॉम. झालेल्या मुलाला हे येत असेल तर त्याला धारवाडला खोली घ्यायची गरज नाही. येत नसेल तर त्याने तीन वर्षे काय केले, हे बापाने विचारावे.

एक जरा नाजूक गोष्ट. आपली मुले घरी मराठी-कोंकणी बोलतात, काही मराठी शाळेत शिकतात, आणि कन्नडचा कंटाळा करतात. सरकारी नोकरीला कन्नडच्या परीक्षेतून सुटका नाही. स्वच्छ कन्नड अर्ज आणि बऱ्यापैकी इंग्रजी पत्र लिहिणारा मुलगा मला या तालुक्यात पदवीधरांपेक्षा दुर्मीळ दिसतो. मराठी जपायला हा उत्सव आहे, हे मंडळ आहे. कन्नड टाळून ती जपली जात नाही.

मुलींचा हिशेब मी वेगळा मांडतो. जून २०२३ पासून बायकांना बसप्रवास फुकट झाला, घरातल्या एका सबबीचे कारण गेले. मुलगी कॉलेजात आहे तोवर तिच्या लग्नाची घाई थांबते, ती चार गावे पाहते, बँकेत एकटी जाते. नोकरी मिळाली नाही तरी ती तीन वर्षे फुकट गेली असे मी म्हणणार नाही.

मात्र स्थळे बघताना आपण काय करतो? पत्रिका जुळली, घर चांगले, मुलगा फिटर म्हणून कायम नोकरीला, पगार वेळेवर. तरी बायोडेटात ‘आय.टी.आय.’ दिसले की बाजूला ठेवतो आणि तीन वर्षे परीक्षाच देत असलेल्या एम.ए.ला हो म्हणतो. मुलांना हे दिसते. म्हणून ती आय.टी.आय.चा फॉर्म भरत नाहीत.

अध्यक्ष महाराज, उद्या याच मांडवात गुणगौरव आहे. यादी मी पाहिली. दहावी आहे, बारावी आहे, पदवीधर आहेत. आय.टी.आय., नर्सिंग आणि डिप्लोमा झालेली आपल्याच घरांतली मुले यादीत नाहीत. अजून रात्र हातात आहे. शाली आणि नारळ कमी पडत असतील तर त्यांचा खर्च मी देतो. नावे तेवढी आजच्या आरतीनंतर चिटणीसांकडे लिहून द्या.

गणपती बाप्पा मोरया!