साक्षीदाराच्या गळ्यातला पट्टा

कोर्ट म्हंजे आपल्याला पोलिसांची दुसरी चौकीच वाटते. म्हणून आज एक खटला सांगतो, अमेरिकेतल्या अलास्काचा. 1970 साली अँकरेजच्या एका बारमधली तिजोरी चोरांनी पळवली. सापडली 26 मैलांवर, एका घराजवळ, फोडलेली. त्या घरातला पोरगा म्हणाला, दोन काळे पुरुष दिसले. एकाला त्यानं ओळखलं. झालं, केस उभी!

आता हा पोरगा कोण? दोन केबिनी फोडल्या म्हणून बालन्यायालयाच्या प्रोबेशनवर असलेला. संशय आपल्यावर येऊ नये, प्रोबेशन मोडू नये, म्हणून तो दुसऱ्याकडं बोट दाखवेल की नाही? वकिलाला एवढंच विचारायचं होतं. न्यायाधीशांनी अडवलं : बालन्यायालयाची नोंद गुप्त. मग वकिलानं विचारलं, पूर्वी कधी पोलिसांनी असं खोदून विचारलं होतं का? पोरगा सरळ ‘नाही’ म्हणाला! वकील गप्प.

1974 साली सुप्रीम कोर्टानं 7 विरुद्ध 2 मतांनी ती शिक्षा रद्द केली. ‘डेव्हिस विरुद्ध अलास्का’ म्हणतात तो हाच निकाल.

माझं म्हणाल, तर नोंद गुप्तच पायजे. वस्तीतल्या पोराच्या कपाळी जन्मभराचा शिक्का नको. आपल्याकडं 2015 च्या बालन्याय कायद्यातलं 74 वं कलम त्यासाठीच आहे. पण ते पांघरूण पोराचं, सरकारी वकिलाचं नव्हे. पोराला झाकायचंय? मग त्याला साक्षीला उभा करू नका. त्याच्या जबानीवर माणूस आत घालायचा, अन् त्याच्या गळ्यातला पट्टा कुणाच्या हातात आहे हे विचारायचं नाही, हे कसं चालेल?